उपनगरातल्या उडप्याकडचा नाश्ता: किती वाजता काय मागवावं?

निवांत_रविवार
येत्या रविवारी आठ माणसं आहोत. दोघं सत्तरीच्या पुढची, त्यातल्या एकांना मधुमेह, आणि दोन पोरं. पार्ले ते गोरेगाव या पट्ट्यात स्टेशनजवळच्या कुठल्याही साध्या उडप्याकडे नाश्ता करायचाय. 'सगळ्यात भारी हॉटेल कुठलं' हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी जुने धागे पडलेत. किती वाजता जावं, काय मागवावं, काय टाळावं आणि सगळ्यांच्या पुढ्यात गरम कसं येईल, एवढंच हवंय. जाणकारांनी तपशिलात लिहा.

वाफाळ
आधी वेळ ठरवा, पदार्थ त्यावरून ठरवा. कार्डावर दीडशे नावं असली तरी सातला जे ताजं असतं ते अकराला नसतं. उलटही खरं आहे.

इडलीपासून सुरू करतो. पीठ आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळी वाटलेलं असतं. एक भाग उडीद डाळीला तीन ते चार भाग उकडा तांदूळ किंवा इडली रवा, असं साधारण माप. मे महिन्यात हे पीठ सहा-सात तासांत फुगून येतं, जानेवारीच्या थंडीत बारा तासही घेतं. हॉटेलवाल्याचं कसब याच अंदाजात आहे, कारण ऋतू बदलला तरी शटर सातलाच उघडायचं असतं. पहिला घाणा शटर उघडायच्या आधीच लागलेला असतो: दहा-बारा मिनिटं वाफ, नंतर मिनिट-दोन मिनिटं तशीच ठेवून मग काढायची. सात ते नऊ ही इडलीची वेळ. तेव्हा खप इतका असतो की घाण्यामागून घाणा निघतो आणि इडलीला पडून राहायला सवडच मिळत नाही.

ताटलीत आली की बोटाने हलकेच दाबा. दबून परत वर आली तर ठीक. आत मोठमोठी भोकं आणि आंबूस वास असेल तर पीठ जास्त आंबलंय. घट्ट आणि पांढरीफटक असेल तर कमी आंबलंय, किंवा उडीद कमी पडलाय. पिवळसर छटा आणि जिभेवर साबणाची चव असेल तर सोडा जास्त झालाय. अशा ठिकाणी डोसा मागवा आणि इडलीचा विषय सोडा. इडलीच्या तळाला फडक्याची वीण उमटलेली दिसली तर चांगली खूण समजा. साच्यावर ओलं फडकं टाकून केलेली इडली तेलाशिवाय सुटते आणि तळाला चिकट होत नाही.

मुलुंडची_माई
वाफाळ, मेदूवड्याचंही लिहा ना. इडलीपेक्षा फसवणूक तिथेच जास्त होते.

वाफाळ
लिहितो, माई. वड्याचं पीठ आंबवायचं नसतं. भिजवलेली डाळ कमीत कमी पाण्यात वाटायची, फेटून हलकी करायची आणि मीठ शेवटी घालायचं. मीठ आधी घातलं की पीठ सैल पडतं, आणि सैल पीठ तेल ओढतं. वाटून तीन-चार तास गेले तरी तेच होतं. म्हणून वडा सकाळी लवकर किंवा गर्दीच्या ऐन मध्यावर मागवावा, जेव्हा कढई सतत चालू असते.

फसवणूक म्हणाल तर ती दुबार तळणीची. वडे आधी फिकट तळून परातीत काढून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा कढईत सोडतात. गर्दी आवरायला हे सोयीचं पडतं, त्यात गुन्हा काही नाही. पण तासाभराहून जास्त वेळ पडलेला वडा दुसऱ्यांदा तळला की कवच जाड आणि गडद होतं, फोडताना तुकडे उडतात आणि बोटांना तेल लागतं. एकदाच तळलेल्या वड्याचं कवच पातळ असतं, आत जाळी दिसते. फोडल्यावर मध्ये ओलसर चिकट गोळा निघाला तर तेल जास्त तापलेलं होतं: बाहेर रंग आला, आत कच्चं राहिलं. तो वडा बिनदिक्कत परत पाठवा, बदलून देतात.

'सांबारमध्ये बुडवून' मागवलात तर यातलं काहीच कळत नाही, हेही लक्षात ठेवा. पहिल्यांदा जाताय त्या ठिकाणी सांबार वेगळंच मागवा.

उलथणं
आता तव्याकडे या. आठ जणांचं गणित तिथेच चुकतं.

उपनगरातल्या मध्यम उडप्याच्या सपाट तव्यावर एका वेळी चार ते सहा डोसे मावतात. आठ जणांनी आठ वेगळे डोसे सांगितले (सादा, मसाला, म्हैसूर, रवा, चीज, पेपर...) की तवेवाला ते एका फेरीत घेऊच शकत नाही. सादा दोन-अडीच मिनिटांत निघतो, कांदा उत्तप्पा दोन्ही बाजूंनी भाजायचा म्हणून जास्त वेळ घेतो, रवा डोसा सगळ्यात हळू. मग तुमच्या टेबलावर पहिला डोसा येतो आणि शेवटचा वीस मिनिटांनी.

त्यामुळे फार तर दोन प्रकारांवर एकमत करा. सगळ्यांसाठी आधी इडली-वडा सांगा, ते तयार असतं, पाच मिनिटांत येतं. ते समोर आलं की डोसे सांगा, चार आत्ता आणि चार ते संपत आल्यावर. कॉफी अगदी शेवटी. वेटर 'चाय-कॉफी साथ में?' विचारणारच, 'बाद में' म्हणा, नाहीतर कॉफीवर साय धरते आणि डोसा वाट पाहायला लावतो.

रवा डोसा रविवारी दहा वाजता मागवू नये असं माझं स्पष्ट मत. त्याचं पीठ आंबवलेलं नसतं. रवा आणि तांदळाचं पीठ जवळजवळ सारखं, मैदा त्याच्या निम्म्याहून कमी, आणि ताकासारखं पातळ होईल इतकं पाणी. हे पीठ पसरत नाहीत, उंचावरून ओततात, म्हणून जाळी पडते. पण रवा तळाला बसतो, दर डोशाआधी पीठ ढवळावं लागतं. गर्दीत ढवळणं राहतं. मग वरच्या पाण्याचे डोसे कागदासारखे येतात आणि शेवटचे जाड, पिठूळ. शिवाय तो कुरकुरीत व्हायला तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं अडून राहतो. मधल्या वारी निवांत जा आणि मग रवा डोसा खा.

चेंबूरकर
उलथणं यांच्याशी सहमत, पण एक भर. तवेवाला पाणी शिंपडून झाडूने तवा पुसतो ते स्वच्छतेसाठी कमी आणि तापमानासाठी जास्त. तवा फार तापला की पीठ पसरायच्या आधीच धरतं, वाटीला चिकटून फाटतं. फार निवला तर डोसा पांढरा राहतो आणि सुटत नाही. काउंटरवरून तवा दिसत असेल तर दोन मिनिटं उभं राहून बघा. पाणी पडताच चर्र होऊन उडून जातंय आणि प्रत्येक डोशाआधी पुसलं जातंय, तर बसा.

आणि म्हैसूर मसाला. आपल्याकडे मुंबईत या नावाने जे मिळतं त्यात लाल चटणीवर बटाटा, बीट, सिमला मिरची, बटर आणि पावभाजी मसाला तव्यावरच रगडतात. चव झकास लागते, पण आज्या-आजोबांना ते तिखट आणि तुपट होईल. त्यांना सादा किंवा उत्तप्पा, 'तेल कम, पतला नहीं' सांगून. दात नसतील तर कडक डोसा देऊच नका, सेट डोसा (छोटा, जाडसर, मऊ) मिळत असेल तर उत्तम.

निवांत_रविवार
छान माहिती. पण साडेनऊशिवाय जमणार नाही आमचं. मग इडलीची वेळ टळली का?

वाफाळ
रविवारी साडेनऊ म्हणजे गर्दीचा कळस, खप भरपूर असतो, इडली ताजीच मिळेल. साडेदहानंतर मात्र विचार करून मागवा. उशिराची वेळ उत्तप्प्याची. दिवसभर बाहेर राहिलेलं पीठ जरा आंबट होत जातं. त्याची इडली चपटी बसते, पण जाड उत्तप्प्याला तीच आंबट चव लागते. कांदा, टोमॅटो, मिरची ती पेलतात. कांदा पीठ ओतल्या ओतल्या दाबून बसवलेला असावा. नुसता वर पेरला असेल तर उलटताना सुटून जळतो आणि कडवट लागतो.

उपमा आणि पोहे याच्या अगदी उलट. दोन्ही सकाळी एकदाच मोठ्या पातेल्यात होतात आणि झाकून ठेवतात. आठच्या सुमारास मऊ, मोकळे असतात. दहानंतर पोह्यांवर पाण्याचा हबका मारून वाफ देतात. वरून ओले, आतून वातड. उपमा तर निवताना घट्ट होतच जातो, म्हणून हॉटेलात तो मुद्दाम सैल करतात, रव्याच्या तिप्पट पाणी घालून. ताटलीत मुदीचा आकार धरून ताठ उभा असेल तर बराच वेळ झालाय. शिऱ्याला तुपामुळे तेवढा त्रास होत नाही, पोरांना चालेल.

पळीपंचपात्र
सांबार-चटणीवर कुणीच बोललं नाही! मी तर त्यावरूनच हॉटेल ठरवतो.

खोबऱ्याची चटणी: ओलं खोबरं महाग, म्हणून डाळं घालून वाढवतात. थोडं डाळं हवंच, त्याने चटणी मिळून येते. प्रमाणाबाहेर गेलं की रंग पिवळट, पोत पिठासारखा, आणि घशाशी कोरडं लागतं. ताज्या खोबऱ्याची चटणी जरा वेळ ठेवली की कडेने पाणी सुटतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते आंबूस वासाला. मे-जूनच्या उकाड्यात फ्रिजबाहेरची चटणी तीन-चार तासांत उतरू शकते. साडेदहा-अकराला आधी वास घ्या, मग बुडवा.

सांबार: मुंबईतलं उडपी सांबार गोडसर असतं कारण त्यात गूळ असतो, ही मुळात उडुपी-मंगळूरकडची रीत. मधुमेहवाल्यांनी वाटीवर वाटी रिचवताना हे ध्यानात ठेवावं. सकाळचं सांबार पातळ, भाज्यांचं. पातेलं मंद आचेवर आटत जातं, मग त्यात गरम पाणी पडतं. अकराच्या सांबारात एकतर मीठ पुढे येतं नाहीतर डाळ मागे राहते. चटणी-सांबार पुन्हा मागायला बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, पण हल्ली काही जागी दुसऱ्या वाटीला आकार लावतात. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या.

डिकॉक्शन
कॉफी माझा विषय, तेव्हा जरा लांबण लागेल.

फिल्टर कॉफीची चव दोन गोष्टींवर: चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती आणि डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क) कितवं. चिकोरीमिश्रित कॉफीत किमान 51 टक्के कॉफी असलीच पाहिजे असा नियम आहे, म्हणजे चिकोरी 49 टक्क्यांपर्यंत चालते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. 80:20, 70:30, 60:40 अशी मिश्रणं सर्रास मिळतात. चिकोरीने रंग गडद होतो, दाटपणा येतो, चव कडसर-गोड होते, वास मात्र कॉफीचा कमी होतो. कप काळाभोर पण नाकाला काहीच नाही, तर समजून घ्या.

पहिलं डिकॉक्शन सकाळी लवकर उतरतं, दाट आणि सुगंधी. त्याच चोथ्यावर पुन्हा उकळतं पाणी ओतून दुसरं काढतात, ते पातळ. चांगल्या जागी दुसरं पहिल्यात मिसळून वापरतात किंवा ताजी पावडर घालतात. आळशी जागी दहा वाजता निव्वळ दुसरंच मिळतं आणि त्यावर दूध कमी करून रंग जुळवतात. 'स्ट्राँग' म्हणालात तर डिकॉक्शन वाढतं, चव सुधारेलच असं नाही. डिकॉक्शन पुन्हा पुन्हा गरम केलं की कडू होतं, म्हणून नीट केलेल्या कॉफीत दूध उकळतं असतं आणि डिकॉक्शन नुसतं कोमट. पेल्यात साधारण 30-40 मिली डिकॉक्शनवर 90-100 मिली दूध, मग डवऱ्यात (पेल्याखालच्या पसरट वाटीत) वरखाली ओतून फेस.

मधुमेहवाल्यांसाठी मुद्द्याचं: चहा मोठ्या पातेल्यात साखरेसकट उकळलेला असतो, 'बिनसाखर' म्हटलं तर कित्येक ठिकाणी टी-बॅगचा चहा आणून देतात. कॉफीत साखर कप भरताना पडते, म्हणून ती खरोखर बिनसाखर मिळू शकते. सांगताना 'शुगर अलग' म्हणा, 'कम' म्हणू नका. 'कम'चा अर्थ प्रत्येकाचा निराळा.

गिरगाव_ते_गोराई
अरे, सगळं उडपीमयच झालं की! मराठी नाश्ता कुठे गेला? दादरला आस्वाद, प्रकाश, मामा काणे...

चेंबूरकर
दादर उपनगर नाही हो. माहीम-शीवच्या अलीकडे शहर, पलीकडे उपनगर. :) आणि धागाकर्त्यांनी नावांची बंदी घातलीय.

मुलुंडची_माई
नावं नकोत, पदार्थाचं तर बोलू. साबुदाणा वडा ज्या दिवशी खपतो त्या दिवशीच खावा: संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. एरवी तो मागणीपुरता दुबार तळलेला असतो. चांगल्या वड्यात एक वाटी साबुदाण्याला दोन मध्यम बटाटे आणि अर्धी वाटी जाडसर कूट. बटाटा वाढवला की वडा स्वस्तात होतो, पण आत लगदा होतो. साबुदाणा कमी भिजला तर तेलात दाणे टणक राहतात आणि वडा फुटून उडतो. पाणी जास्त राहिलं तर आत कुरकुरीतपणा येतच नाही.

खरोखर उपास असेल तर एक विचारा: कढई वेगळी आहे का? बऱ्याच ठिकाणी बटाटेवडा आणि साबुदाणा वडा एकाच तेलात पोहतात. विचारलंत तर खरं सांगतात.

मिसळीचं म्हणाल तर उडप्याकडच्या मिसळीत बहुधा पांढरा वाटाणा असतो, मोडाची मटकी मराठी उपहारगृहात. कट वेगळा मागवा, फरसाण भिजायच्या आत खायला मिळतं. पाव जोडीने येतो, जादा जोडीचे पैसे वेगळे. पाव तासाभरापूर्वीचा आहे की कालचा ते दाबून कळतं: कालचा दाबला की तसाच चपटा राहतो. शंका आली तर तव्यावर भाजून मागा.

सातची_फास्ट
इराणी? बन मस्का?

गिरगाव_ते_गोराई
जुने इराणी बहुतेक शहरातच. मरीन लाइन्सजवळची कयानी 1904 पासूनची, ग्रँट रोड स्टेशनसमोरचे मेरवान 1914 पासूनचे. तिथला मावा केक सकाळीच संपतो, त्यामुळे आठ जण घेऊन साडेनऊला गोरेगावहून निघून उपयोग नाही. ब्रून मस्का (कडक पावाचा) सत्तरीच्या दातांना देऊ नये, बन मस्का द्यावा.

गल्ल्यापाशी
आता बिल. रेस्टॉरंटवर जीएसटी 5 टक्के, बिलात 2.5 केंद्राचा आणि 2.5 राज्याचा असा दोन ओळींत दिसतो. हजार रुपयांवर पन्नास. 15 नोव्हेंबर 2017 पासून एसी आणि बिगर-एसी दोन्हीला हाच दर आहे. तरीही वरच्या एसी खोलीत डोसा महाग असतो, कारण कार्डच वेगळं असतं. कर तोच. आठ जणांना खालच्या हॉलमध्ये एकत्र टेबल मिळालं तर तिथेच बसा. तवा जवळ, डोसा गरम.

छोट्या हॉटेलांपैकी जे कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी एकूण विक्रीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) आहेत त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घ्यायची परवानगी नाही. बिलावर तसा उल्लेख असेल आणि खाली 5 टक्के लावले असतील तर विचारा.

सेवाशुल्क: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. साध्या उडप्याकडे हे सहसा लावत नाहीतच. जिथे दिवे मंद आणि डोसा तीनपट महाग तिथे बघा. काढत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बिलावर असायला हवा, तोही नजरेखालून घाला.

वेटरला टीप रोख, त्याच्या हातात. यूपीआयने गल्ल्यावर दिलेली त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

निवांत_रविवार
सगळ्यांचे आभार. म्हणजे आमचा बेत असा: साडेनऊला हॉलमध्ये, चार प्लेट इडली आणि दोन प्लेट वडा लगेच, सांबार वेगळं, मग चार सादे, दोन मसाला, आजी-आजोबांना एक कांदा उत्तप्पा वाटून, शेवटी कॉफी, एक 'शुगर अलग'. बरोबर?

आणि घरी एक आजी राहणार आहेत, त्यांच्यासाठी पार्सल न्यायचंय.

उलथणं
बेत झकास. फक्त मसाल्याचे दोन पहिल्या चारांत सांगू नका, सादे चार एकत्र निघू द्या.

पार्सल अगदी शेवटी, बिल मागताना सांगा. आधी सांगितलं तर ते बांधून काउंटरवर अर्धा तास पडून राहतं. आजींसाठी इडली न्या, डोसा नको: गुंडाळला की स्वतःच्याच वाफेने दहा मिनिटांत लिबलिबीत होतो. न्यायचाच असेल तर भाजी वेगळी बांधायला सांगा आणि पुडी एका बाजूने उघडी ठेवा.

सांबारासाठी घरून स्टीलचा डबा न्या. उकळतं सांबार पातळ पिशवीत घेऊ नये.

मुलुंडची_माई
घरी गेल्यावर इडलीवर पाण्याचे चार थेंब शिंपडून तीन-चार मिनिटं वाफेवर ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर ओल्या फडक्याखाली अर्धा मिनिट, त्याहून जास्त नको, कडा वातड होतात. सांबार एकदा खळखळून उकळा. चटणी त्या दिवशीच संपवा, उरली तर टाका.